पहाटेचे पाणी आणि नाना देवरे

रामचंद्र देवरे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. सकाळचे सहा वाजले होते. इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीच्या बागेत, लॉनच्या मधोमध उभा राहून मी त्या दिवशीच्या भाषणाची उजळणी करत होतो. हातात पाइप घेतलेले एक उंच गृहस्थ बाजूला थांबले होते. माझे वाक्य पूर्ण झाल्यावर ते म्हणाले, "सर, भाषण चालू द्या, पण कडेच्या फरशीवरून. तुम्ही बोलून घरी जाल, गवताला इथंच राहायचं हे."

सार्वजनिक बागेवर नागरिकांचा हक्क काय असतो, हे मी त्यांना सविस्तर ऐकवले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि माझ्या बुटांभोवती पाणी सोडले.

देवरे म्हणजे सर्वांचे नाना. मूळचे कळवणकडचे, शेतकरी घरातले. सातपूरच्या एका कारखान्याची बाग सांभाळून ते निवृत्त झाले आणि आमच्या कॉलनीच्या मंडळाकडे माळी म्हणून आले. यंदा ते पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांचा मुख्य नियम एकच: पाणी द्यायचे ते सूर्य वर येण्याच्या आत. दुपारचे पाणी ऊन पिते आणि रात्रीचे बुरशी, असे ते सांगतात. पहाटेचे पाणी मुळापर्यंत उतरते आणि ऊन चढले की पाती कोरडी होतात. रोज शिंपडणेही त्यांना मान्य नाही. ते आधी गवतावर चार पावले चालतात. दबलेले पाते परत उभे राहिले, तर त्या दिवशी पाइप उचलत नाहीत.

एका ऑक्टोबरमध्ये, उकाडा फार असताना, संध्याकाळी बागेत बसणाऱ्यांनी मागणी केली की पाणी संध्याकाळी द्यावे. गारवा मिळेल, मुलांना फवारे दिसतील. मंडळाच्या सभेत ही बाजू मी मांडली. चार ग्रंथांचे दाखले दिले आणि शेवटी विचारले, "बाग माणसांसाठी आहे, की माणसे बागेसाठी?" सभागृह दणाणले. ठराव एकमताने संमत झाला. बाहेर पडताना नाना म्हणाले, "टाळ्या लय पडल्या, सर. पण गवताला कान नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठरल्याप्रमाणे संध्याकाळी सात वाजता पाणी दिले. मनाविरुद्धचे काम कुचराई करून बिघडवणारी माणसे मी कामगार चळवळीत पुष्कळ पाहिली आहेत. नानांनी फवाऱ्याची एक तोटीही तिरकी ठेवली नाही.

तीन आठवड्यांत लॉनवर ताटाएवढे तपकिरी डाग पडले. पहाटे त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसत. रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांनी बुरशी धरली होती. पुन्हा सभा झाली. अध्यक्षांनी लॉन उखडून सिमेंटचे ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव ठेवला आणि पुढे म्हणाले, "नानांचंही आता वय झालं. त्यांना तरी किती त्रास द्यायचा?" याचा अर्थ सर्वांना कळला. लॉनही जाणार होते आणि नानाही.

नाना उभे राहिले. "पाण्याची वेळ चुकली, बाकी काही नाय. दोन महिने पहाट माझ्या हाती द्या. मग काय उखडायचं ते उखडा."

वेळ कोणामुळे चुकली, हे ते बोलले नाहीत. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. न पाहण्याचा तो संयम मला कोणत्याही आरोपाहून जड गेला. मी उठलो आणि आयुष्यातले सर्वांत छोटे भाषण केले: "ठराव माझा होता. चूक माझी आहे. नानांना मुदत द्या." टाळी पडली नाही. मुदत मिळाली.

नानांनी रोगट गवत कापून पोत्यांत भरले आणि खुरप्याने माती मोकळी केली. रोज पहाटे लांब काठी फिरवून ते पात्यांवरचे दव झाडत. काठीचे दुसरे टोक त्यांनी माझ्या हाती दिले. "सर, हात चालवा. तोंड नंतर." डिसेंबरात डाग भरून आले आणि ब्लॉकचा प्रस्ताव मागे पडला.

त्यानंतर वर्षभराने माझ्या पत्नी रुग्णालयात होत्या, तेव्हा आमच्या गच्चीवरची झाडे मी विसरून गेलो होतो. बारा दिवसांनी परतलो, तर सगळ्या कुंड्या सावलीत सरकवलेल्या आणि माती ओलसर. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन नाना पहाटे येऊन जात होते. मी आभाराचे बोलू लागताच त्यांनी थांबवले. "तुळशीला पाणी जास्त घालता तुम्ही. कमी करा."

माणसांच्या सोयीपुढे सारे झुकले पाहिजे, असे मी उभी हयात व्यासपीठावरून सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. झाडाची वेळ सभेच्या ठरावाने बदलत नाही, आणि हे ज्याला कळते त्याच्यापुढे बहुमतानेही नम्र व्हावे, असे माझे आता ठाम मत आहे.

नानांचा पंचाहत्तरीचा सत्कार संध्याकाळी लॉनवर करावा, असे मंडळाच्या मनात होते. नानांनी विचारले, "आणि खुर्च्यांचे पाय कुठं रुततील?" त्यामुळे सोहळा सभागृहात, सकाळी दहा वाजता, पाणी देऊन झाल्यावर होणार आहे. नानांना उत्तम प्रकृती लाभो आणि शंभराव्या वर्षीही सूर्याच्या आधी त्यांची चार पावले गवतावर पडोत. त्यांच्या पहाटेला यापुढे कोणी वक्ता धक्का लावू पाहील, तर त्याच्याविरुद्ध बोलायला मी उभा राहीन, अर्थात कडेच्या फरशीवर.