माह्या फोनात तिचं बोट

मॅडमनं माह्यासमोर माह्याच फोनवर आपलं बोट ठेवलं अन् फोन उघडला. हॉलमध्ये हळदी-कुंकवाच्या बाया बसल्या होत्या. मी चिवड्याच्या प्लेटा घेऊन उभी.

"ऐका गंमत," मॅडम म्हणाली.

अन् माहा आवाज सुरू झाला. दहावीचं मराठीचं पुस्तक वाचून राह्यली होती मी, अक्षर जोडत, अडखळत. रोज एक पान फोनात रेकॉर्ड करून बहिणीले पाठवायची, चुका सांग म्हणून. दुसऱ्या कोणालेच माहीत नव्हतं. नवऱ्याले बी नाई.

बाया पोट धरून हसल्या. एक मॅडमले म्हणे, "आता भांडी कोण घासेल गं तुझ्याकडे?"

देवळी गावात याच घरी सात वर्षं भांडे घासले मी. अन् मॅडम कोण? शाळेतली मास्तरीण! पोरायले वाचाले शिकवते ते बाई.

फोन घेतला तवा तिनंच सुरू करून देला. फोन माहा अंगठा घेईचना. राख-साबणानं रेघाच गेल्या बोटाच्या. "थांब, माझं बोट टाकून देते. तू फोन उघडायला नंबर टाकत जा. अडलं तर मी उघडून देईन." नंबर बी तिनंच टाकला. अन् मी? आभार मानले! माय वो, काय येडी होती मी. आपल्या पेटीची चाबी दुसऱ्याच्या कमरेले बांधली.

प्लेटा खाली ठेवल्या. म्हटलं, "फोन द्या."

"अगं, गंमत केली. तुझं काय एवढं खाजगी असतं?"

अंगाची आग झाली माह्या.

"काय असते ते मी ठरवीन. फोन द्या."

देला. मी तिच्याच सोफ्यावर बसली, सात वर्षांत पहिल्यांदा. सेटिंग उघडली. बोटाचा ठसा. हटवा. एकेक शब्द मोठ्यानं वाचला, वेळ लागला तं लागू देला. मंग नंबर बदलला. कोणी हसलं नाई.

ते काम सुटलं. आता आमच्या मोहल्ल्यातल्या कामवाल्या बायायले मी विचारते, तुह्या फोनात कोणाकोणाचं बोट हाय? कोणाच्या मालकिणीचं, कोणाच्या नवऱ्याचं, दिराचं. बसवते अन् तिच्याच हातानं काढाले लावते.

परवा मॅडम बाजारात भेटली. म्हणे, "बायांना बिघडवतेस तू."

"हो," म्हटलं. "बिघडवतेच. अजून लय घरं बाकी हायेत."