कॅसेटमध्ये माणसं शोधणारे दगानाना

देवपूरला माझ्या फोटो स्टुडिओला लागून दगानानांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात आलं की नाना आधी त्याचे डोळे बघत. ते रडून लाल झालेले दिसले, की लग्नाची तारीख विचारायची नाही, खुर्ची पुढे करायची.

कारण त्या काळी आमच्याकडे शेतकरी माणूस गेला, तर उत्तरकार्याला, म्हणजे गंधमुक्तीला, हार घालायलाही घरात त्याचा फोटो नसे. मग घरचे नानांकडे येत. कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये आमचे आबा असतील, तेवढे शोधून द्या! कुठलं लग्न, कोणतं साल, काही म्हणजे काही सांगता येत नसे. नाना म्हणत, "नक्की नको सांगू, भाऊ. जे ध्यानमा शे ते सांग. पंगत रसनी व्हती का? कोनाजोडे बठेल व्हतात?" रस म्हटलं की उन्हाळा ठरे, साडूजवळ म्हटलं की तिकडचं गाव ठरे. नुसत्या 'टोपी नवी होती' एवढ्यावरून त्यांनी माणूस काढलेला मी पाहिला आहे. नाना चित्र थांबवत आणि त्या थरथरत्या पडद्यावरून मी फोटो काढून देई. फोटो धूसरच येई, पण लोक तो छातीशी धरून नेत.

शूटिंगला हॅलोजनचा दिवा धरायच्या त्या नानांच्या बायको, सुमनअक्का. बाई मोठ्या बोलघेवड्या. नवरीमुलगी रडवेली झाली की दिव्यामागून तिला काहीतरी सांगत आणि पोरगी खुदकन हसे. त्यामुळे नानांच्या कॅसेटींमधल्या मुली कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघतात. "मध्ये मध्ये ही कोण बाई बोलतेय?" म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करत. मग नाना आवाज पुसून त्यावर सनई आणि सिनेमातली गाणी चढवत. अशी एक प्रत गिऱ्हाइकाला जाई, एक नानांच्या कपाटात राही आणि मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. सगळेच व्हिडिओवाले तसं करत.

स्वतः अक्का मात्र मी कॅमेरा उचलला की तोंडावर पदर ओढून पळत. "नको रे भाऊ, फोटो काढावर आयुष्य कमी व्हस!" व्हिडिओवाल्याची बायको ही! मी पुष्कळ चिडवायचो. पण आयुष्य तसंही कमीच निघालं. काविळीचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या.

गंधमुक्ती जवळ आली तसं नानांनी कपाटातल्या सगळ्या कॅसेटी बाहेर काढल्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून ते इतरांना विचारत तेच मी त्यांना विचारलं.

"कुठे होत्या, नाना?"

"मना डावा हातले."

"केव्हा?"

"बठ्ठा वखत."

सगळा वेळ डाव्या हाताला, आणि कॅमेरा नेमका तिकडेच कधी वळला नव्हता. आरसे पाहिले, गर्दी पाहिली, पंगती पाहिल्या. अक्का कुठेच नव्हत्या. एका लग्नात उजेड हळूहळू खाली येतो आणि दचकून पुन्हा वर जातो. तिथे नानांनी चित्र थांबवून पडद्यावर बोट ठेवलं. "आठे तिना हात भरी उना व्हता," म्हणाले आणि तोंडाला टॉवेल लावून लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही. गंधमुक्तीला पाटावर अक्कांचं लुगडं ठेवून त्यालाच हार घातला.

नानांनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. कॅमेरा त्यांनी विकून टाकला, कॅसेटी मात्र पाहत राहिले. मी दुपारी दुकान बंद करून त्यांच्यापाशी बसायचो. टीव्हीवर कुणाची तरी लेक बाजूला बघून हसे, वर सनई वाजत असे आणि नाना तेवढाच तुकडा मागे घेऊन पुन्हा लावत.

एकदा मी म्हणालो, "पुरे आता, नाना. कशाला जिवाला त्रास?"

"सापडनी ना भाऊ, आठेच शे ती," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "पन त्या पोरले काय सांगी ऱ्हायनी, ते आयकू येस नही. तिना आवाज मीच पुसा."