अर्ध्यावर थांबलेला पोवाडा

कोंडाजी शाहीर गायला लागला की चाकणचा कांदेबाजार थबकायचा. लोक वाहवा करायचे. पण त्याला चहा मिळायचा तो मारुतरावाच्या हॉटेलाबाहेर, खुंटीवरच्या वेगळ्या कपातून. त्याचा आवाज कुणाला बाटवत नव्हता, कप मात्र बाटायचा! शिवाशिव हा गुन्हा ठरवणारा कायदा होऊन वर्ष उलटलं, तरी खुंटी जागची हलली नव्हती.

छप्पन साली भर बाजारात कोंडाजीनं हॉटेलासमोरच डफ तापवला. लढाईवरून परतलेल्या महार शिपायाचा पोवाडा त्यानं असा रंगवला, की माणसं बैलगाड्यांवर चढून ऐकू लागली. तहानलेला शिपाई गावच्या हॉटेलाच्या दारात येऊन उभा राहिला, आणि कोंडाजीनं डफ खाली ठेवला.

"शाहीर, म्होरं काय झालं?" गर्दी ओरडली.

"मला काय ठावं? मारुतरावास्नी इचारा. आत घेत्यात का न्हाई?"

सगळा बाजार मारुतरावाकडं वळला. "अहो, घ्या की आत! पोवाडा अडलाय!" एक म्हातारा शेतकरी खेकसला. मारुतराव घामाघूम झाला, पण दारातून बाजूला सरला.

कोंडाजी आत जाऊन बाकावर ऐसपैस बसला. सगळ्यांच्या कपबशीतला चहा समोर आला.

"आता तरी सांगा, शिपायाचं काय झालं?" म्हाताऱ्यानं दारातूनच विचारलं.

कोंडाजीनं बशी तोंडाला लावून मोठ्ठा भुरका मारला.

"दिसत न्हाई व्हय? च्या पितोय!"