भाच्याची विचारपूस

घुग्घुसच्या खाणीच्या ऑफिसात मी तेव्हा तात्पुरती टायपिस्ट होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली दुसरी कोणी त्या धुळीत सापडेना, म्हणून परदेशी इंजिनिअर आले की दुभाषीही मीच. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. हे इंजिनिअर युरोपातल्या एका देशाचे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं लष्कराची राजवट होती, संप करणाऱ्यांना घरातून उचलून नेत होते, आणि त्याच सरकारकडून आपलं सरकार खाणीची यंत्रं घेत होतं. मला नसत्या चौकशांची भारी हौस. पहिल्याच आठवड्यात मी त्यातल्या एकाला विचारलं, "तुमच्याकडे युनियन असते का हो?" त्याने आधी दाराकडे बघितलं. "होती," म्हणाला आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

झालं, मला चैन पडेना. एका रविवारी मी त्याला आमच्या क्वार्टरवर जेवायला बोलावलं. आईने वडाभात केला होता. वरून कढत फोडणीचं तेल पडल्यावर साहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पठ्ठ्या हटला नाही, दोनदा मागून खाल्लं. आमच्याकडे पाहुण्याचं पोट भरलं की घरच्यांची विचारपूस होते. मायबाप कसे, भावंडं किती, कोणाचं लग्न व्हायचं आहे. आईने सगळं विचारलं आणि मी भाषांतर करत गेले. तेव्हा त्याने सांगितलं की धाकटा भाऊ तिकडच्या खाणीत होता, संपात पुढे होता, म्हणून आत आहे. म्हातारी आई दर आठवड्याला पाव घेऊन तुरुंगाच्या दारापर्यंत जाते. पाव आत घेतात, तिला घेत नाहीत.

आईचा घास हातातच राहिला. "अगं बाई! पोराचं तोंडही पाहू देत नाईत? ते माही बहीणच झाली वो मग." त्या दिवसापासून इंजिनिअर तिचा मोठा भाचा आणि तुरुंगातला धाकटा.

बाबा खाणीत कामगार, युनियनचे. त्यांचं डोकं फिरलं. "अशा सरकारची मशीन घेनंच पाप हाय. बोलनं बंद करा त्यायच्याशी!" छप्पन साली आमची माणसं बौद्ध झाली, त्यानंतर गावाने आमच्याशी बोलणं टाकलं होतं, ते त्यांनी ऐन तरुणपणी पाहिलेलं. ते हत्यार कसं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, "बोलनं बंद केलं तं इचारू कोनाले?" बाबा म्हणाले, "इचारून कोनी सोडते का?" हे भांडण आमच्या घरात महिनाभर चाललं. मला दोघांचंही पटायचं, आणि त्याचा मला राग यायचा.

पुढे यंत्रांचा नवा करार ठरत होता. त्यासाठी दिल्लीच्या वकिलातीतून त्यांचा बडा अधिकारी आला. फोटोसाठी त्याला कामगाराचं घर बघायचं होतं. आमचं निवडलं. मॅनेजरने मला दम दिला, "कोळशाबद्दल बोलायचं. बाकी एक शब्द नाही." इंजिनिअरनेही हात जोडले. त्याला परत बोलावलं असतं, आणि भावाचं काय केलं असतं कोण जाणे. आईला मी दहादा बजावलं. ती "हो हो" म्हणाली.

वकिलातीतला साहेब खाटेवर बसला, चहा झाला, फोटो निघाले. आईने पदर नीट केला आणि विचारलं, "साहेब, माह्या धाकट्या भाच्याले काऊन कोंडून ठेवलं जी? त्याच्या मायले तरी भेटू द्या."

साहेब माझ्याकडे बघत होता. खोटं सांगायला वेळ नव्हता, आणि खरं सांगते, इच्छाही नव्हती. काय उत्तर देतो ते मला ऐकायचं होतं! मी शब्दाला शब्द सांगून मोकळी झाले. भाच्याला 'नेफ्यू' म्हटलं. आपल्याकडे अर्धं गाव भाचा असतं, पण इंग्रजीत तो शब्द रक्ताचा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. साहेब चमकला. भाच्याचं नाव विचारलं. त्याच्यासोबत आलेला आमचा इंजिनिअर भिंतीला टेकून पांढराफटक झालेला. नाव त्यानेच सांगितलं.

नंतर तो आमच्याकडे यायचा थांबला. मॅनेजर माझ्याशी कागदापुरता बोले. बाबा आईला म्हणाले, "पोराले अजून खोल गाडलं तू." आई रात्री जेवेना. मला तिची कीव आली आणि स्वतःची भीती वाटली.

मग सुट्टीवरून परतलेल्या दुसऱ्या इंजिनिअरने तोंडी निरोप आणला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने धाकट्याला विचारलं होतं, "हिंदुस्थानात तुझी मावशी राहते?" त्याला तो सापळाच वाटला. तरी संध्याकाळी म्हणाला, "हो, राहते." आणि त्या आठवड्यात त्याच्या आईला आत सोडलं. आमचा इंजिनिअर हे सांगायला धावत आला, आईच्या पायाशी बसून रडला, आणि आईही रडली.

विचारण्याने झालं, की त्याच सुमारास करार व्हायचा होता म्हणून, की तिकडे कोणाला दया आली? मी पुढे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत असल्या करारांच्या बातम्या शोधून वाचल्या. उत्तर सापडलं नाही.

करारावर सह्या करायला साहेब पुन्हा आला तेव्हा गाडी आधी आमच्या दारी थांबली. तो खूश होता. दारातूनच म्हणाला, "बाईंना सांगा, भाचा सुटला. घरी पोचला."

आईने दोन्ही हात जोडले. बाबाही उठून उभे राहिले. मग ती म्हणाली, "लई उपकार झाले जी. अन् त्याच्यासंगं जे होते, ते?"

मी सांगितलं. साहेब हसला. चिडून नाही, समजावल्यासारखा बोलला, "त्यांची इथे कोणी मावशी नाही ना."

मी ते मराठीत सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाट झटकून सारखी केली आणि त्याला बसायची खूण केली.

"बसा मनावं. एकेकाचं नाव सांगा मनावं."

साहेब काही बसला नाही. ऑफिसात सह्यांना उशीर होत होता.