दुकानात बोलायची मराठी

आमच्या घरातली मराठी दुकानात सगळ्यात जास्त कामाला येते. एरवी झाशीत सगळं हिंदीत चालतं. शाळा माझी इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी मला नीट समजते, पण बोलताना अडते. दुकानदारासमोर मात्र आईबाबा मराठीवर येतात. साडीच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात, डॉक्टरच्या काउंटरवरसुद्धा. चेहरा हसरा ठेवायचा, आवाज नेहमीचा, आणि बोलायचं, "आवडल्यासारखं करू नकोस, भाव चढवेल." समोरच्याला वाटतं, रंगाबद्दल काही चाललंय.

सायकलच्या दुकानातही हेच. सदर बाजारच्या त्या दुकानात मी आठवीपासून जात होते. मालक चाळिशी ओलांडलेले, हाताला कायम काळं ग्रीस. मला ते बुंदेलीत लेकीला म्हणतात तसं "बिन्नू" म्हणायचे. लांब पल्ल्याच्या, वेगाच्या सायकली शहरात फक्त त्यांच्याकडे मिळायच्या, आणि माणसाच्या अंगाप्रमाणे सायकल बसवून देणारेही तेच एकटे.

मागच्या हिवाळ्यात मी पडले. शहराबाहेरच्या चिरगावहून सायकलवर परत येत होते. पुढे भुशाची ट्रॉली होती, मागे दिवा नव्हता, सकाळचं धुकं होतं. ट्रॅक्टरवाल्याने अचानक वळण घेतलं. मी ब्रेक दाबले. ब्रेक लागलेही, पण जागाच उरली नव्हती. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि जबडा दोन ठिकाणी. जबडा तारेने बांधलेला होता तेवढे दिवस मी पातळ वरण स्ट्रॉने प्यायले. मला न बोलण्याचं कारण मिळालं होतं, ते तेवढं बरं वाटलं.

बाबांनी ठरवून टाकलं की त्या दुकानातून घेतलेल्या सायकलचे ब्रेक खराब होते. ब्रेक लागले होते, हे मी तार निघाल्यावर सांगितलं, आधी लिहूनही दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि मानलं नाही. ट्रॅक्टरवाला कुठला होता कोणाला माहीत? दुकान माहीत होतं.

तरीही उन्हाळा संपता संपता ते नव्या सायकलीला हो म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. विचारलं की लोकांना आपला निर्णय पुन्हा तपासावासा वाटतो. माझा डावा खांदा आता पूर्वीसारखा पुढे जात नव्हता. त्या खांद्यासकट रस्त्यावर जायचं तर सायकल माझ्या मापाने बसवलेली हवी होती, म्हणजे हेच दुकान. बाबा म्हणाले, मी बरोबर येणार.

सायकल काळी होती, इतकी हलकी की मालकांनी ती दोन बोटांवर उचलून दाखवली. मागचं चाक स्टँडमध्ये अडकवून त्यांनी मला तिच्यावर बसवलं. गुडघा पाहिला, कोपर पाहिलं. "हाथ कहाँ तक जाता है, बिन्नू? ज़बरदस्ती नहीं." मी दाखवलं. त्यांनी हँडल काढून त्याला सायकलशी जोडणारा तुकडा बदलला, आखूड लावला. हँडल जवळ आलं, खांदा सैल पडला. मी पायडल मारत राहिले. पडल्यापासून पहिल्यांदाच माझं शरीर मला एकाच तुकड्याचं वाटलं.

"तोंड सरळ ठेव," बाबा हसत म्हणाले. "दात दिसतायत तुझे. ह्याला कळलं तर गेलं."

मी तोंड सरळ केलं.

मालक खाली बसून ब्रेक बघत होते. "डिस्क है भाईसाब. एक उँगली रखो, वहीं खड़ी."

बाबांनी कौतुकाने मान हलवली आणि माझ्याकडे बघून, त्याच हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं ह्या खोटारड्याने. पोरीचं तोंड फोडलं, आता डिस्क दाखवतोय. ह्याला काय, माल विकला की झालं. पोरगी मेली असती तरी ह्याने दुसरी विकली असती."

मालकांचा हात ब्रेकवर थांबला. ते उठले नाहीत. खालूनच म्हणाले, "साहेब, ब्रेक चांगले होते."

स्वच्छ मराठी, आमच्यापेक्षा स्वच्छ.

"ती मोडकी सायकल तुम्ही माझ्याकडेच पाठवली होती ना. मी उघडून बघितली. दोन्ही ब्रेक चालू होते."

बाबा हिंदीवर गेले. "आप... मराठी?"

"पुण्यात होतो. बरीच वर्षं, सायकलच्याच दुकानात."

"तो कभी बताया नहीं?"

"आपने पूछा कब?" आता तेही हिंदीत आले. "शुरू में मज़ा आता था. आप भाभीजी से कहते थे, 'मान हलवू नको.' मैं घर जाके सुनाता था, सब हँसते थे."

या दुकानात काय काय बोललं गेलं होतं ते मला एकदम आठवायला लागलं. आठवीत असताना आई म्हणाली होती, सीट मोठी घे, हिचं मागचं बघ जरा. मग बाबा: सायकल चालवली तर लग्नापर्यंत बारीक तरी होईल. तेव्हाही हे मालकच माझ्या पायाशी बसून सीट वरखाली करत होते. तेव्हाही त्यांना सगळं कळत होतं.

"ग़ुस्से में निकल गया मुँह से," बाबा म्हणाले.

"ग़ुस्से में नहीं, भाईसाब. हँसते-हँसते निकला है."

बाबांना माफी मागता येत नाही, मी कधी ऐकलेली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला म्हणाले, "चल," आणि बाहेर स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले.

मी उतरले नाही. हँडल धरून बसून राहिले.

"मला हीच पाहिजे," मी म्हणाले. जबड्यामुळे 'च' अजून नीट येत नाही. "तुम्ही बसवलेली."

त्यांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तू परत पडशील, बिन्नू. चालवणारा पडतोच. पडलीस की तुझ्या घरी दोष कुणाला देतात, ते आजपर्यंत मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे." फडकं खाली ठेवून म्हणाले, "रोज सकाळी मला भीती वाटेल. उतर."

ते रागावलेले असते तर मी कदाचित आणखी काही बोलले असते. त्यांनी हँडल धरलं आणि मी उतरले. मी तिथे असतानाच त्यांनी तो आखूड तुकडा काढला आणि मूळचा लांब परत लावला.

पुढच्या महिन्यात आम्ही ग्वाल्हेरहून सायकल घेतली. दुकान मोठं, काचेचं. त्यांनी माझी उंची विचारली, तक्त्यात बघितलं आणि त्या मापाची काढून दिली. खांद्याबद्दल मी सांगायला हवं होतं. काउंटरवर तिघे होते, तिघेही माझ्या हनुवटीच्या खुणेकडे बघत होते. मी म्हणाले, ठीक आहे.

मी रोज जाते. शहर सुटलं की डाव्या हाताला मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात. त्या बाजूचा ब्रेक दाबला गेलाय की नाही, हे मला सायकल हळू झाल्यावरच कळतं. काय बदलायचं ते मला माहीत आहे, कोण बदलू शकतं तेही. एकदा सायकल घेऊन मी त्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी होते. त्यांनी मला पाहिलं, सायकल पाहिली, हँडलवरचा ताणलेला हातही पाहिला असेल. मग एक गिऱ्हाईक आलं आणि ते त्याच्याकडे वळले.

परत आल्यावर बाबा फाटकाशी उभे असतात.

"बरी आहे ना?"

सायकलबद्दल विचारतात की माझ्याबद्दल, मला कळत नाही. नाही म्हटलं तर हीही जाईल. मी बधिर हात खिशात घालते आणि म्हणते, बरी आहे.