फुटामागे एक सूत

निवृत्ती पॉलिटेक्निकात शिकायला निघाला तेव्हा पिंपळगाव राजात लोक म्हणाले, सुताराच्या पोराला रंधा धरायला शिकवणार म्हणे सरकार! बाप पुंजाजी हसला नाही, पण फार बोललाही नाही. "एक साल जाऊन पाय. नापास झाला तं मुकाट्यानं वखर-तिफणीच्या कामाले लागजो."

मॅट्रिक झाल्यावर चार वर्षं बापाच्या हाताखाली काढलेला, लग्न झालेला हा गडी खामगावात एक खोली घेऊन राहिला. वर्गातली पोरं त्याला मामा म्हणत. त्याची बायको कोकिळा नळावर पाण्याला गेली की घरमालकीण केसरबाई हटकायची, "काय वं, तुया नवरा कालेजात जाऊनही लाकूडच तासते का?" कोकिळा घागर कमरेवर घ्यायची आणि म्हणायची, "हाव. पण तिथं खुर्चीवर बसून लिहून घेतात, मंग तासतात."

नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. पुस्तकात मिलिमीटर आले होते, वर्कशॉपात मात्र अजून इंच आणि सूतच चालत होते. इंचाचे आठ सूत, हे निवृत्तीला पाळण्यातच ठाऊक झालेलं.

वर्षअखेरच्या परीक्षेला बारा इंच व्यासाचं लोखंडी चाक करायचं होतं. आधी लाकडाचा नमुना, मग तो वाळूत दाबून काढायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुन्याचा तास झाला तेव्हा निवृत्ती बापाला ताप आला म्हणून चार दिवस गावी होता. परत आला, तर नमुन्याच्या टेबलावर एक वेगळीच पोलादी पट्टी. त्यानं घरून आणलेली घडीची पट्टी तिच्याशेजारी ठेवली. कॉलेजची पट्टी फुटामागे बरोबर एक सूत लांब भरली!

दुसऱ्या कुणी मास्तरांना विचारलं असतं. निवृत्तीनं विचारलं नाही. सुताराच्या घरात वाढलेल्याला खोटी पट्टी ओळखता येते, हा त्याचा अभिमान. ताटावर बसल्याबसल्या कोकिळेला म्हणाला, "एवढं मोठं कालेज, अन् पट्टीच खोटी. मी आपल्याच पट्टीनं माप घेतलं. चूप राह्यलो."

चाक ओतलं, निघालं, आणि एक सूत कमी भरलं.

ओतशाळेचे किसनराव मास्तर रेल्वेच्या कारखान्यात पंचवीस वर्षं भट्टीपुढे भाजून निघालेले. त्यांनी व्यास मोजायचा कॅलिपर लावला, चाक बाजूला सारलं. "पट्टी कोणती घेतली होती बे?"

"माही."

"काऊन? आमची पट्टी चोरबजारातली हाये का?" पोरं फिदीफिदी हसली. "परवा दुसरा नमुना आण. तोही चुकला तं या साली तुले पास करणं माह्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी कोकिळा त्याचा डबा घेऊन गेली. सकाळी तो न जेवताच निघाला होता. ओतशाळेच्या दारात तिनं तो निवृत्तीच्या हातात दिला आणि पदर सावरून त्याच्याशेजारी उभी राहिली. आत दुसऱ्या पोरांची ओतणी चालली होती. दोघांनी लांब दांड्याची बादली कलती केली आणि त्यातून जे आलं त्याला लोखंड म्हणायला तिची जीभ धजेना. चुलीतला विस्तव तिनं जन्मभर पाहिला होता. हा पाण्यासारखा वाहत होता आणि उन्हापेक्षा उजळ होता. वाळूच्या पेटीच्या तोंडाशी तो काठोकाठ येऊन थांबला. डोळे दिपले तरी तिला मान वळवता आली नाही.

म्हणूनच तिला दिसलं. काठोकाठ भरलेलं ते तोंड हळूहळू खाली बसत होतं. मध्ये खळगा पडला. कुणी काढलं नाही, कुठं सांडलं नाही.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे तं दुधावाणी आटून राह्यलं!"

पोरं पुन्हा हसली. किसनराव हसले नाहीत. हातातला चिमटा खाली ठेवून ते दाराशी आले. "तुले दिसलं व्हय, बाई? या लेकाले सांग. थंड होताना लोखंड आटते. फुटाले एक सूत. म्हणून ती पट्टी मुद्दाम लांब केली हाये. तिचे बारा म्हणजे थंड झाल्यावरचे बारा."

निवृत्तीच्या हातातला डबा तसाच राहिला. जे लोखंड अजून वितळलंही नाही ते उद्या किती आकसणार, हे कुणा माणसानं मोजलं होतं, आणि ते पट्टीवर कोरून ठेवलं होतं. तो ती पट्टी घेऊन टेबलाशी बसला आणि तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला. कोकिळा घरी निघाली तरी त्याला कळलं नाही.

त्याच पट्टीनं त्यानं नवा नमुना केला, आणि मास्तरांनी दिलेल्या दिवशी सकाळीच दुसरं चाक ओतलं. दुपारी वाळू फोडली. काळ्या वाळूतून चाक वर आलं. निवृत्ती कॅलिपर घेऊन धावला तसे मास्तर ओरडले, "थांब बे! अजून गरम हाये. आत्ता मोजशील तं जास्तच भरन."

मग सगळे थांबले. जी पोरं मामा म्हणून चिडवायची, तीही चाकाभोवती उकिडवी बसली. कोकिळा दाराशी होती. चाकावर काहीच घडताना दिसत नव्हतं. तरी ते आत आत येत आहे, केसाकेसानं बाराकडे सरकत आहे, हे आता तिला ठाऊक होतं. तिला मोठ्यानं श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटली.

उन्हं भिंतीवर गेली तेव्हा मास्तरांनी चाकावर उघडा तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग कॅलिपर लावला. एकदा, आडवा एकदा, पुन्हा एकदा.

"बारा," ते म्हणाले, आणि वहीत पास लिहिलं.

पोरांनी गलका केला. निवृत्ती हलला नाही. चाकाकडे बघतच त्यानं विचारलं, "मास्तर, पितळ किती आटते?"

"दीड सूत," किसनराव वही मिटत म्हणाले. "ते पुढच्या साली. आधी जेवून घे, ती बाई कवाची डबा धरून उभी हाये."