गोठ्याबाहेरचा पेन ड्राइव्ह

वीस वर्षं संगणकावर बातम्या लिहिल्यावर मला अँटिव्हायरसची गरज वाटेना. त्यानं संगणक संथ होतो म्हणून मी तो काढूनच टाकला होता.

येरमाळ्याचे आमचे वयस्कर वार्ताहर यात्रेचे फोटो घेऊन धाराशिवला आमच्या कार्यालयात आले. फोटोंचा पेन ड्राइव्ह वाटेत झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला लावलेला होता. मी तो न तपासता जोडला. त्यातले फोटो दिसेनात, पाठोपाठ माझ्या फाइलीही दिसेनाशा झाल्या. फोटोंची दुसरी प्रत नव्हती.

मी ओशाळलो. ते हसले. “सायेब, बाजारातनं आणलेला बैल आमी आठ दिस गोठ्याबाहेर बांधतो. बैलावर इश्वास असतो, बाजारावर न्हाय.”

अँटिव्हायरस पुन्हा घातला, तेव्हा व्हायरसनं लपवलेले फोटो आणि माझ्या फाइलीही सापडल्या. आता पेन ड्राइव्ह पुढं करताना ते स्वतःच मला बजावतात, “आधी बाहेर बांधा.”